काकांचा जुना चेनसॉ ठेवायचा की नवा घ्यायचा? आधी सायलेन्सर काढून आत बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की काकांकडून स्टिल कंपनीचा ०२८ चेनसॉ मिळालाय, आठ-दहा वर्षं पडून होता, टाकीत जुनं पेट्रोल तसंच राहिलंय, दोरी ओढली की इंजिन फिरतं पण सुरू होत नाही, आणि आता ह्याच्यावर पैसे घालायचे की सरळ नवीन मशीन घ्यायचं. मी पंचवीसेक वर्षं चेनसॉ वापरतोय आणि त्यातली बरीचशी वर्षं जुनीच मशीनं, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो, ठेवा. फक्त एक करा, आज आणखी दोरी ओढू नका. पडून राहिलेल्या मशीनचं नुकसान पडून राहिल्याने कमी होतं आणि पहिल्या दिवशीच्या घाईने जास्त होतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी जुनं मशीन घेऊन आलं की आधी त्याच्या हातातली दोरी सोडवतो.

का ठेवा म्हणतो ते सांगतो. त्या काळातल्या व्यावसायिक मशीनांचं क्रँककेस म्हणजे इंजिनचं खालचं खोकं मॅग्नेशियमचं ओतीव असायचं, ते उभं फाकतं म्हणजे दोन भाग बोल्टने जोडलेले, त्यामुळे बेअरिंग, सील सगळं बदलता येतं, कार्बला म्हणजे कार्ब्युरेटरला बाहेरून फिरवता येणारे स्क्रू असतात, आणि कॉम्प्युटर कुठेच नाही. म्हणजे जे काही बिघडेल ते तुम्हाला दिसतं, ऐकू येतं आणि हाताने दुरुस्त करता येतं. स्वस्तातल्या नव्या मशीनमध्ये प्लास्टिकच्या खोक्यात इंजिन बसवलेलं असतं, ते वाईटच असतं असं नाही पण पाच-सात वर्षांनी एक सील गळायला लागला की पूर्ण इंजिन बाहेर काढायला लागतं आणि मग कोणी तो उद्योग करत नाही. जुनं चांगलं मशीन टिकाऊ म्हणतात ते ह्या अर्थाने, न बिघडणारं नव्हे, बिघडल्यावर परत उभं राहणारं.

तर सुरुवात इथून करा. टाकी रिकामी करा. जुनं मिक्स, म्हणजे पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण, वासावरूनच कळतं, पेट्रोलचा तिखट वास जाऊन वार्निशसारखा कुबट वास येतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ठरावीक प्रमाणाच्या पुढे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि नेमकं टाकीतलं फिल्टर तळालाच लोळत असतं. म्हणजे इंजिनला ऑइल नसलेलं पाणीदार काहीतरी मिळतं. शिवाय रबरी पाइप कडक होतात, कार्बमधला पातळ पडदा ताठ होतो आणि मग कितीही स्क्रू फिरवले तरी मशीन ऐकत नाही. दहा वर्षं पडलेल्या मशीनला पेट्रोलचा पाइप, टाकीतलं फिल्टर आणि कार्बचं पडदा-गॅस्केट किट हे तिन्ही नवीन टाकायचंच, तपासत बसू नका, स्वस्त वस्तू आहेत.

आता सायलेन्सर. हे काम मला फार आवडतं कारण दहा मिनिटांत मशीनची पूर्ण कुंडली समोर येते. स्पार्क प्लगची वायर काढा, सायलेन्सरचे बोल्ट सोडा, बाजूला घ्या, आणि दोरी अगदी हळू ओढत पिस्टन एक्झॉस्टच्या भोकासमोर आणा. टॉर्च मारा. चांगल्या पिस्टनवर आडव्या बारीक रेघा दिसतात, फॅक्टरीत लेथवर फिरवताना पडलेल्या, चाळीस वर्षांनीही त्या दिसल्या की समजायचं मागच्या माणसाने मिक्स नीट दिलंय. उभे करडे ओरखडे दिसले, पिस्टनचं अॅल्युमिनियम पुसटून सारवल्यासारखं झालं असेल, रिंग खाचेत चिकटून बसली असेल, तर इंजिन कधीतरी तापून घासलंय. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर कारण बहुतेक ऑइल कमी पडणं किंवा मिक्स पातळ होणं म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी. कार्बच्या बाजूने असतील तर एअर फिल्टरमधून भुसा आणि धूळ आत गेलीय. दोन्ही बाजू नीट बघा, कार्ब काढलात तर तिकडच्या भोकातूनही दिसतं.

ओरखडे दिसले म्हणून लगेच हात टेकू नका. ह्या सिलेंडरला आतून कडक क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर असतो, आणि बऱ्याचदा त्याच्यावर पिस्टनचं मऊ अॅल्युमिनियम नुसतं चिकटलेलं असतं, खालचा थर शाबूत असतो. ते काढता आलं तर मूळ सिलेंडर ठेवून फक्त पिस्टन आणि रिंग बदला. माझं ठाम मत आहे की मूळ कंपनीचा वाचलेला सिलेंडर स्वस्तातल्या नव्या सिलेंडरपेक्षा केव्हाही चांगला, भोकांच्या कडा, थराची जाडी, सगळ्यातच फरक असतो. थर मात्र सोलून निघाला असेल, नखाला कडा लागत असेल, तर तो सिलेंडर गेला.

कॉम्प्रेशन बघायची गेज नसेल तर एक जुनी पद्धत आहे. सायलेन्सर-प्लग परत लावा, स्विच बंद, आणि मशीन दोरीच्या मुठीने हवेत धरा. इंजिन चांगलं असेल तर मशीन अडखळत अडखळत, एकेका दाबाला थांबत खाली येतं. सरसर खाली आलं तर दम संपलाय. गेज असेल तर थ्रॉटल म्हणजे वेगाचा खटका पूर्ण उघडून पाच-सहा वेळा दोरी ओढा, १५० पीएसआयच्या आसपास आलं की निवांत, ११०च्या खाली गेलं तर थंड असताना सुरू होईल पण गरम झाल्यावर छळेल. गेज घेताना एक बघा, झडप प्लगच्या भोकात बसणाऱ्या टोकाला पाहिजे, गाड्यांच्या लांब नळीच्या गेजने एवढ्याशा इंजिनचा आकडा उगाच कमी दिसतो आणि माणूस चांगलं मशीन भंगारात काढतो.

मिक्सबद्दल भांडणं फार होतात. जुन्या मशीनवर २५:१ किंवा त्याहून जुन्यावर १६:१ लिहिलेलं असतं, ते त्या वेळच्या ऑइलला धरून. आजचं चांगलं टू-स्ट्रोक ऑइल, हवेने थंड होणाऱ्या इंजिनसाठीचं, त्याला ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली चालतं. मी स्वतः जुन्या मशीनला ४०:१ देतो, लिटरला २५ मिली, थोडा धूर जास्त होतो पण बेअरिंगला बरं. मात्र प्रमाण बदललं की कार्ब परत लावायचा, कारण ऑइल वाढवलं की तेवढ्या जागेतलं पेट्रोल कमी झालं, म्हणजे जास्त ऑइल घालून मशीन उलट पातळ चालतं, हे खूप जणांच्या लक्षात येत नाही. आणि मिक्स महिन्याभरात संपेल एवढंच करा. अंदाजाने झाकणभर ऑइल ओतणारे लोक मी बघितलेत आणि त्यांचे पिस्टनही बघितलेत.

कार्ब लावताना दोन्ही स्क्रू, हळू चालीचा आणि जोरात चालीचा, अलगद बंद करून एकेक आटा बाहेर. अलगद म्हणजे खरंच दोन बोटांनी, दाबून आवळले की स्क्रूच्या सुईचं टोक चेपतं आणि कार्ब कायमचा नासतो. मग मशीन गरम करून हळू चालीचा स्क्रू असा लावा की थ्रॉटल दाबल्याबरोबर न अडखळता उचललं पाहिजे, आणि आयडलला चेन फिरता कामा नये. जोराच्या चालीचं कानाने लावायचं. लाकडाबाहेर पूर्ण थ्रॉटल दिला की आवाज थोडा फाटका, बडबडल्यासारखा यायला पाहिजे, लाकडात बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी टेकवली की तोच आवाज एकदम स्वच्छ व्हायला पाहिजे. बाहेरच किंचाळल्यासारखा गोड आवाज येत असेल तर ते पातळ चाललंय, छान वाटतं पण तीन-चार टाक्यांत पिस्टन घेऊन जाईल. ह्या एका आवाजासाठी कान तयार करा, बाकी काही शिकला नाहीत तरी चालेल.

आणि कधी कधी कितीही लावा, आयडल वर-खाली होतं, थ्रॉटल सोडल्यावर आवाज खाली यायला वेळ लागतो, मशीन आडवं केलं की चाल बदलते. तेव्हा कार्बला हात लावायचा नाही. कुठून तरी चोरून हवा येतीय. माझं एक ६० सीसीचं मशीन मी असंच घालवलं होतं, इनटेकच्या रबराला मागच्या बाजूने केसाएवढी चीर होती आणि मी आठवडाभर स्क्रू फिरवून ती झाकत बसलो, एका संध्याकाळी जाड ओंडक्यात मशीन अचानक घट्ट झालं, दोरी ओढूनही हलेना इतकं जाम. रबर बदलायला अर्धा तास लागला असता. तेव्हापासून जुनं मशीन हातात आलं की इनटेक रबर आणि क्रँकच्या दोन्ही बाजूंचे सील आधी, ट्यूनिंग नंतर. चाळीस वर्षांचं रबर आहे ते, वरून चांगलं दिसलं तरी वाकवून बघा.

गरम झाल्यावर बंद पडतं आणि थंड झाल्यावर परत सुरू होतं, ही तक्रार तुम्हाला येऊ शकते. आधी टाकीचं झाकण सैल करून बघा, लगेच बरं वाटलं तर टाकीचं श्वासाचं भोक तुंबलंय, एवढंच. तसं नसेल तर गरम असतानाच प्लग काढून ठिणगी बघा, निळी कडक पाहिजे. ठिणगी गेली असेल तर कॉइल, आणि त्याहून जुन्या पॉइंटवाल्या, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क असलेल्या, मशीनमध्ये कंडेन्सर. पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४ मिमी, प्लगचं ०.५ मिमी, कॉइल आणि फ्लायव्हीलच्या मध्ये साधं व्हिजिटिंग कार्ड घालून बोल्ट आवळा.

आता चेन. खरं सांगायचं तर जुन्या मशीनबद्दलच्या निम्म्या तक्रारी इंजिनच्या नसतातच, बोथट चेनच्या असतात. मशीनमधून ढलप्या पडायला पाहिजेत, पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबायचं. बोथट चेनने माणूस दाबतो, दाबलं की इंजिन तापतं, बार झिजतो, क्लच घसरतो, आणि मग म्हणतो मशीन म्हातारं झालं.

आपण आज जो दात वापरतो तो ओरेगनच्या जोसेफ कॉक्सचा. त्याआधीच्या चेनचे दात साध्या करवतीसारखे खरवडायचे, सारखी धार लावायला लागायची. लाकूडतोड करताना कॉक्सने १९४६ मध्ये एका बुंध्यात भुंग्याची अळी बघितली, ती आपल्या वाकड्या जबड्यांनी लाकूड डावीकडून उजवीकडून आडवं खात जाते, त्यावरून त्याने एक डावा एक उजवा असे दात असलेली चेन बनवली आणि १९४७ मध्ये विकायला काढली. हे एवढ्यासाठी सांगितलं की धार लावताना तुम्हाला कळलं पाहिजे दात काय करतो. दाताची उभी बाजू तंतू कापते आणि वरचं पातं छिन्नीसारखं ढलपी उचलतं. दोघं जिथे मिळतात तो कोपरा, तोच सगळं काम करतो, आणि सगळ्यात आधी तोच गोल होतो.

दात उजेडात धरा. धारेवर पांढरी चमकणारी रेघ दिसली तर ती बोथट, खऱ्या धारेवरून उजेड परत येत नाही. गोल कानस चेनच्या पिचप्रमाणे, म्हणजे कड्यांमधल्या इंचातल्या अंतराप्रमाणे, ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमी, .३२५ ला ४.८, लहान मशीनच्या बुटक्या ३/८ ला ४ मिमी. पिच बारवर किंवा चेनच्या कडीवर कोरलेलं असतं, अंदाज करू नका. बार व्हाइसमध्ये घट्ट धरा, चेनचा ताण जरा वाढवा म्हणजे दात डुलत नाही, कानस दाताच्या आतून बाहेरच्या दिशेला, तीस अंशात, आणि कानसचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर राहील अशी. पुढे ढकलताना दाब, मागे आणताना उचलायची. मागेपुढे घासणारे कानसही मारतात आणि दातही. दोन-तीन हात चांगल्या दाताला पुरतात, कापलं जात असेल तर कानस एकसारखी सरकते आणि बारीक खर्रखर्र आवाज येतो, घसरून चिवचिव आवाज आला तर कानस गेली, बदला. दगड किंवा खिळा लागला असेल तर वरचा क्रोमचा थर जिथपर्यंत गोल झालाय तिथपर्यंत मागे जायचंच, मग दहा हात लागले तरी चालतील. सगळ्यात खराब दात आधी शोधा, त्याच्याएवढे बाकीचे करा. एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड राहिले की काप वाकडा जातो, ओंडक्यात चंद्रकोर निघते.

दाताच्या पुढे जो उंचवटा असतो तो दाताला किती खोल खाऊ द्यायचं ते ठरवतो, दात घासत मागे गेला की उतरत जातो आणि उंचवटा तसाच राहतो, म्हणून चेन धारदार असूनही खात नाही. तीन-चार धारांमागे एकदा गेज ठेवून सपाट कानसने तो दाताच्या धारेपेक्षा ०.६५ मिमी खाली आणा. डोळ्याने करू नका. जास्त उतरवला तर चेन लाकडाला हिसडे मारते, मशीन उसळायची शक्यता वाढते आणि जुन्या क्लचवर विनाकारण भार.

बारला प्रत्येक धारेच्या वेळी उलटा करा, खाच पातळ पट्टीने खरवडून साफ करा, ऑइलचं भोक तार घालून मोकळं करा. रेल्सच्या, म्हणजे खाचेच्या दोन्ही भिंतींच्या, कडेला बाहेर आलेले पातळ ओठ सपाट कानसने काढा. बार सपाट टेबलावर कडेवर उभा करा, स्वतःचा उभा राहिला पाहिजे. स्प्रॉकेट म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक झिजलेलं असेल तर नवीन चेन त्यावर टाकू नका, खड्डे पडलेल्या चाकाने चेनचं पिच बिघडतं, दोन चेनमागे एक स्प्रॉकेट असा माझा हिशोब. क्लच काढताना लक्षात ठेवा, बहुतेक मशीनला तिथे उलटे आटे असतात. बारला बारचंच ऑइल, इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल अजिबात नाही, त्यात धातूचा कीस असतो आणि ते तुमच्याच श्वासात उडतं. पेट्रोलची टाकी संपली तेव्हा ऑइलची टाकीही जवळजवळ संपलेली पाहिजे, भरलेली दिसली तर पंप चालत नाही. सुरू केल्यावर बारचं टोक कोरड्या बुंध्यावर धरून थ्रॉटल द्या, ऑइलची रेघ उठली पाहिजे.

आता जे मी कोणाच्याही भावना न बघता सांगतो. चेन ब्रेक, म्हणजे मशीन उसळलं की चेन जागीच थांबवणारा ब्रेक. स्टिलने चेन ब्रेक १९७२ मध्ये आणला, त्याआधीची बरीच सुंदर मशीनं ब्रेकशिवायची आहेत. अशी मशीनं मी दुरुस्त करतो, सुरू करून आवाज ऐकतो, पण कामाला नेत नाही, कोणालाही नेऊ देत नाही. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला लागला की बार उसळून तोंडाकडे येतो, तो माणसाला कळायच्या आत आलेला असतो, तिथे अनुभव कामाला येत नाही. तुमच्या ०२८ वर ब्रेक असेल तर तो भुशाने आणि ऑइलने गच्च भरलेला असणार, उघडा, साफ करा, पट्टी झिजून पातळ झालीय का बघा, स्प्रिंग गंजलीय का बघा. मग जोरात चालवून पुढचा दांडा मनगटाने ढकला, चेन त्या क्षणी थांबली पाहिजे. घसरत थांबली तर मशीन कामाला तयार नाही. चेन तुटली तर अडवणारा खालचा खुंटा शाबूत पाहिजे. उजव्या हाताची सेफ्टी, म्हणजे मूठ पूर्ण धरल्याशिवाय थ्रॉटल दबता कामा नये, जुन्या मशीनमध्ये ही पट्टी कोणीतरी बांधून ठेवलेली असते, सोडा ती. रबरी माउंट ऑइल पिऊन फुगलेले-मऊ झालेले असतात, ते बदलले की हात संध्याकाळी बधिर होत नाहीत, आणि बधिरपणा वर्षानुवर्षं साठतो आणि मग बोटं पांढरी पडायला लागतात, माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची थंडीत अजूनही पडतात. कानाला मफ, डोळ्याला जाळी, पायाला चेनसॉची पँट, ती जीन्सने भागत नाही.

एवढं सगळं झालं की पहिली टाकी सोपी ठेवा. जमिनीवर पडलेले मांडीएवढे ओंडके, पूर्ण थ्रॉटल, न दाबता, मशीनच्या वजनानेच खाली जाऊ द्या. सुरू करताना मशीन जमिनीवर, मागच्या मुठीत बूट, चेन ब्रेक लावलेला, हवेत झटका देऊन सुरू करायचं नाही. नवी चेन गरम झाली की सैल पडते, ताण द्या, पण काम थांबवल्यावर परत सैल करून ठेवा, थंड होताना चेन आकसते आणि क्रँकला ओढत राहते. टाकी संपली की मशीन थंड होऊ द्या, प्लग काढा. कोरडा तपकिरी असेल तर लगेच दुसरी टाकी भरा. पांढरा असेल तर त्या दिवशी आणखी कापू नका, जोराचा स्क्रू पाव आटा उघडा, आणि त्यानेही पुढच्या टाकीला पांढराच निघाला तर परत इनटेकच्या रबराकडे जा.